अर्थासाठी सोडलेली जागा

१

भारतीबाई नंदनवारांची दुपार ठरलेली होती. जेवण आटोपून, ताटवाटी धुऊन पालथी घातली की दोनच्या सुमारास त्या मागच्या खोलीत जात. खिडकीला एक जुनी गादी उभी टेकवत, पंखा बंद करत, दाराखालची फट पायपुसण्याने बुजवत आणि टेबलाशी बसत. नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या गल्लीत दोन ते चार या वेळात फारसं काही वाजत नसे. भाजीवाले जेवायला गेलेले असत आणि शाळेच्या व्हॅन यायच्या असत. टेबलावर एक छोटा माइक, एक लॅपटॉप आणि सहाशे शब्दांची यादी.

शब्द सगळे इंग्रजी, पण आता कोणाही इंग्रजाच्या तोंडी नसलेले. जुन्या कवितांत, जुन्या नाटकांत भेटतात तेवढेच. मराठी शाळेतून आलेली मुलं कॉलेजात या शब्दांपाशी अडखळतात, म्हणून शहराबाहेर मिहानच्या उद्योगनगरीतल्या एका कंपनीने त्यांच्यासाठी कानाने ऐकायचा शब्दकोश करायला घेतला होता. तिथला जितेंद्र हा भारतीबाईंचा जुना विद्यार्थी. चौतीस वर्षं इंग्रजीच्या वर्गात घुमलेला बाईंचा आवाज त्याच्या डोक्यात अजून होता, त्यामुळे काम आपसूक त्यांच्याकडे आलं.

पद्धत सोपी होती. आधी शब्द म्हणायचा. मग चार सेकंद थांबायचं. मग अर्थ सांगायचा. ती मधली जागा मुलांसाठी होती. अर्थ कानावर पडायच्या आत त्यांनी तो मनाशी आठवून पाहावा, एवढाच उद्देश. रोज वीस शब्द. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी मिनल बंगळुरात. रिकाम्या घरात दोन तास आवाज होतो, निदान स्वतःचा तरी, याचंच भारतीबाईंना बरं वाटत होतं. त्यांचं मराठी स्वच्छ होतं. त्यात नागपूरचा मागमूस नव्हता. तसं ते त्यांनी तरुणपणी फार मेहनतीने करून घेतलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात जितेंद्रचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली, काम छान चाललंय म्हणून झालं, आणि मग तो जरा घुटमळला.

"मॅडम, रेकॉर्डिंग करताना खोलीत दुसरं कोणी असतं का?"

"कोण असणार? मी एकटीच राहते."

"नाही, ते मधल्या गॅपमध्ये काहीतरी वाजून राहिलं. शब्द क्लिअर आहे, अर्थ क्लिअर आहे. पण मधातच. कूलर वगैरे असेल तर बंद करत जा, बस."

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. कूलर अजून माळ्यावर होता.

२

त्या संध्याकाळी भारतीबाईंनी कानात इअरफोन घालून आपलीच रेकॉर्डिंग्ज ऐकली. आधी त्यांना काहीच सापडलं नाही. मग आवाज पूर्ण वाढवला आणि डोळे मिटले, तेव्हा ते आलं. घर्र, घर्र, घर्र, टक. मग क्षणभर काही नाही. पुन्हा घर्र, घर्र, घर्र, टक. शब्द संपला की सुरू होई आणि अर्थ सुरू झाला की थांबे.

भारतीबाई भाबड्या नव्हत्या. वर्गात मुलांना त्यांनी जन्मभर हेच सांगितलं होतं की आधी साधं कारण शोधा. त्यांनी शोधलं. पाण्याचा पंप दुपारी चालतो का, ते चौकीदाराला विचारलं. तो सकाळीच चालत होता. वरच्या मजल्यावर जाऊन सोनिकाला विचारलं की दुपारी मिक्सर लावतेस का, शिलाई मशीन चालवतेस का. सोनिका बँकेत नोकरीला, ती दुपारी घरीच नसे. लॅपटॉपचा पंखा असेल म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उशीवर ठेवला आणि माइक लांब नेला. आवाज होताच. उलट जरा जवळ आला होता.

ऐकता ऐकता त्यांचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर अलगद दाबले गेले होते, मधून सूत जातंय असे. त्यांनी हात झटकला आणि पदराला पुसला.

पुढचे चार दिवस त्यांनी ऐकायचं टाळलं. नुसतं रेकॉर्ड करून पाठवत राहिल्या. पाचव्या दिवशी जितेंद्रने एक तुकडा साफ करून पाठवला आणि खाली लिहिलं की मॅडम, हे ऐका, हे छान आहे, पण हे ठरलेलं नव्हतं.

शब्द होता 'व्हिदर'. भारतीबाईंचा आवाज, नीट, ठाशीव. मग रिकामी जागा. त्या जागेत घरघर झाली, आणि घरघरीच्या आडून कोणीतरी हलकेच, जीभ दाताशी लावून, अगदी खुशीत म्हणालं, "कुठं जाऊन राहिली?"

आणि मग पुन्हा भारतीबाईंचा आवाज, "कोठे, कोणत्या दिशेने."

त्यांनी लॅपटॉप मिटला. उठून गॅस बंद आहे ना ते पाहिलं, पुढचं दार लावलंय ना ते पाहिलं, आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. शेजारच्या घरातला टीव्ही असेल, असं एक मन म्हणालं. दुसऱ्या मनाने आवाज केव्हाच ओळखला होता.

३

जना भारतीबाईंची धाकटी बहीण. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्यांचे वडील बाबनराव विणकर. गोळीबार चौकाच्या मागे दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि रहाट. लुगडं विणायचं तर धोट्यात, म्हणजे मागातून इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नावेत, सुताच्या कांड्या लागतात, आणि त्या कांड्या घरघरत्या रहाटावर बसून कोणीतरी भराव्या लागतात. नववीनंतर ते काम जनाकडे आलं. भारती शिकायला हुशार, म्हणून ती कॉलेजात गेली. जना हुशार आहे की नाही, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

भारती बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. इंग्रजीचे प्राध्यापक गणपतराव यांनी जुन्या शब्दांची एक वही करायला सांगितली होती. पाठांतरासाठी ती वही भारती जनासमोर टेकवून ठेवी. जना उजव्या हाताने रहाट फिरवत, डाव्या चिमटीतून सूत सोडत एकेक अक्षर लावून शब्द वाची, आणि भारती अर्थ म्हणे. दोन महिन्यांत उलटंच झालं. भारतीने शब्द म्हणायचा अवकाश, जना अर्थ सांगून मोकळी. तोही वहीतला नाही, स्वतःचा. 'टॅरी' म्हटलं की "थांब ना वं जराशी". 'मीथिंक्स' म्हटलं की "मले वाटते". आणि वर हसायची. भारती चिडायची. म्हणायची, मला आठवायला वेळ तर दे.

एकदा गणपतराव सर कॉलेजच्या समारंभात भेट द्यायला लुगडं बघायला म्हणून घरी आले. चहा होईपर्यंत त्यांनी गंमत म्हणून भारतीला दोन-चार शब्द विचारले. तिसऱ्या शब्दाला भारती थांबली, आणि मागच्या खोलीतून रहाट न थांबवता अर्थ आला. सर उठून आत गेले. दारात उभं राहून त्यांनी जनाला वीस शब्द विचारले. वीसही आले. त्यांनी बाबनरावांना सांगितलं की या मुलीला बाहेरून दहावीला बसवा, ही तुमच्या मोठीच्या पुढे जाईल.

ते शेवटचं वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. पण भारतीबाईंनी पुढे कितीही वेळा त्या वाक्याला दोष दिला, तरी दोष त्याचा नव्हता.

परीक्षेचा फॉर्म सरांनी दुसऱ्याच दिवशी भारतीच्या हातात दिला. तिने तो वहीत घालून पिशवीत ठेवला. त्या दिवशी घरी पाहुणे होते, म्हणून राहिला. दुसऱ्या दिवशी जना तापाने झोपली होती. तिसऱ्या दिवशी काहीच कारण नव्हतं, तरी राहिला. असे अठरा दिवस गेले आणि मुदत संपली. जनाने या अठरा दिवसांत एकदाही विचारलं नाही. मुदत संपल्यावर भारतीनेच आपणहून सांगितलं, की सर विसरले बहुतेक, मोठ्या माणसांचं असंच असतं. जनाने मान हलवली आणि कांडी बदलली. त्या दिवसानंतर तिने कधी शब्दाचा अर्थ सांगितला नाही. भारतीने वही समोर ठेवली तर ती म्हणायची, "तूच वाच, ताई."

वर्षभराने जनाचं उमरेडला लग्न झालं. तिथेही घरात मागच होता.

शेवटच्या आजारात ती रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात महिनाभर होती. भारतीबाई रोज डबा घेऊन जात, तिचे पाय चेपत, केस विंचरत. सांगायचं रोज ठरवत. महिनाभराच्या त्या तीस दुपारींत सांगण्याजोगी एकही दुपार त्यांना सापडली नाही.

४

घरातल्या खोलीत दोष आहे, असं धरून भारतीबाईंनी जितेंद्रला सांगितलं की मी तुमच्या स्टुडिओत येऊन बोलते. मेट्रोने सीताबर्डीला गाडी बदलून त्या खापरीला उतरल्या. तो न्यायला आला होता.

स्टुडिओ म्हणजे एक लहानशी खोली. भिंतींना काळा स्पंज, दार कपाटाच्या दारासारखं जाड. आत एक खुर्ची, एक माइक. समोर काच, आणि काचेपलीकडे जितेंद्र. दार लागलं तसा जगातला सगळा आवाज कोणीतरी पुसून टाकल्यासारखा झाला. भारतीबाईंना स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. इथे काही येऊ शकणार नाही, याची त्यांना खात्री वाटली आणि थोडं हायसंही वाटलं.

त्यांनी दहा शब्द म्हटले. 'हेन्स', इथून. 'बिट्विक्स्ट', दोहोंच्या मध्ये. 'फेन', आनंदाने, मनापासून. प्रत्येक वेळी मध्ये चार सेकंद मोजून थांबल्या. स्वतःच्या श्वासापलीकडे त्यांना काही ऐकू आलं नाही. पण काचेपलीकडे जितेंद्र कानावरचे हेडफोन दाबून धरून हसत होता, मान डोलावत होता.

दार उघडून तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. मॅडम, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं, तो म्हणाला. एक शुद्ध अर्थ आणि एक आपल्या बोलीतला, मुलांना फार आवडेल, साहेबांनाही ऐकवलं, ते खूश आहेत. फक्त एक त्याला कळत नव्हतं, की बोलताना ओठ हलत नाहीत ते कसं जमतं.

भारतीबाई म्हणाल्या, की तो आवाज माझा नसेल.

"मॅडम, आम्ही मशीनवर चेक केलं. दोन्ही आवाज एकाच माणसाचे दाखवते. एक थोडा कोवळा आहे, एवढंच."

त्याने त्यांना ऐकवलं. 'बिट्विक्स्ट', आणि मग तो कोवळा आवाज, "दोघींच्या मंधात." रहाट आता ऐकू येत नव्हता. आवाज इतका जवळ होता की बोलणारीच्या ओठांना ओठ लागून सुटल्याचंही कळत होतं.

दोघी बहिणींचा आवाज सारखा होता, हे खरं. अंधारात आईही फसायची. पण आणखी एक गोष्ट शक्य होती आणि ती भारतीबाईंच्या मनात सुरीसारखी शिरली. पन्नास वर्षांपूर्वी घासूनपुसून टाकलेली आपली बोली आपल्याच तोंडून निघत असेल आणि आपल्याला ते कळत नसेल. डॉक्टरला दाखवलं पाहिजे. त्यांना भीती वाटली, आणि लाज त्याहून जास्त वाटली.

जितेंद्र कागद घेऊन उभा होता. शब्दकोशावर आवाजाखाली नाव द्यायचं होतं. दुसऱ्या आवाजाला कोणाचं नाव टाकू, की दोन्ही तुम्हीच, असं त्याने विचारलं.

उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला नाही. "मीच," त्या म्हणाल्या. "दोन्ही मीच."

खापरीहून परतताना गाडीच्या खिडकीत त्यांना आपला चेहरा दिसत होता. सीताबर्डी येईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. आपण आत्ता काय केलं, ते त्यांना नीट कळत होतं. आणि या खेपेला पाहुण्यांचं किंवा तापाचं निमित्तही नव्हतं.

५

दुसऱ्या दिवसापासून रेकॉर्डिंग बिघडलं.

भारतीबाईंनी नेहमीप्रमाणे वीस शब्द म्हटले, वीस अर्थ सांगितले. ऐकताना कळलं की अर्थ एकही आलेला नाही. शब्द तेवढे आले होते, आणि तेही त्यांच्या आवाजात नाही. दुसरीच कोणी एकेक अक्षर लावून, चाचपडत, पण हट्टाने ते वाचत होती. "फॉ-र-सू-थ." मग शांतता. चार सेकंद, दहा सेकंद. मग पुढचा शब्द. "पर-चा-न्स." पुन्हा शांतता.

माइक खराब झाला म्हणावं, तर त्यांनी वर्तमानपत्रातली बातमी वाचून पाहिली. ती व्यवस्थित उमटली. यादी हातात घेतली की मात्र तेच. तीन दिवस त्यांनी करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मधली शांतता मोजली तर पाऊण मिनिटाची होती. कोणी उत्तराची वाट पाहत थांबावं आणि मग नाइलाजाने पुढे सरकावं, तशी.

चौथ्या दुपारी त्या टेबलाशी बसल्या, बटण दाबलं आणि यादी हातात घेतलीच नाही. नुसत्या बसून राहिल्या. काही वेळाने लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला. त्या काळ्या काचेत त्यांच्या खांद्यामागची खोली दिसत होती. पलंगाची कड, कपाटाचा अर्धा दरवाजा, गादीच्या बाजूने येणारी उन्हाची एक चीर. आणि खाली, जमिनीलगत, एक मनगट गोल फिरत होतं. बाकीचं काही दिसत नव्हतं. टेबलाच्या कडेने ते झाकलं होतं. फक्त मनगट, त्यात दोन काचेच्या बांगड्या, सवयीने, न थकता, एका लयीत फिरणारं.

या वेळी आवाज खोलीतच होता. घर्र, घर्र, घर्र, टक.

भारतीबाईंना मागे वळता आलं असतं. आपण वळलो नाही, ते भीतीमुळे की तिच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती म्हणून, हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि काचेकडे बघत बोलायला सुरुवात केली. सरांनी फॉर्म दिला होता. दुसऱ्याच दिवशी दिला होता. तो माझ्या पिशवीत होता. सर विसरले नव्हते. मी खोटं बोलले.

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की आपण आपल्या स्वच्छ मराठीत बोलत नाही आहोत. "मले तुहा राग आला होता, जना," त्या म्हणाल्या. "तू माह्या पुढं जाशीन, याचा राग आला होता. अन् तू गेली असती."

घरघर थांबली. काचेतलं मनगट थांबलं. मग उन्हाची चीर हलली, की त्यांचे डोळे भरून आले, कोण जाणे. पुन्हा पाहिलं तेव्हा जमीन मोकळी होती.

६

ते रेकॉर्डिंग त्यांनी आठ दिवस ऐकलं नाही. लॅपटॉप बंद करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. जितेंद्रचे फोन येत होते, त्याला बरं नाही म्हणून सांगितलं. नवव्या दिवशी सकाळी, चांगलं लख्ख ऊन असताना, पुढच्या खोलीत दार उघडं टाकून त्यांनी ते लावलं.

त्यांचा स्वतःचा आवाज होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "अन् तू गेली असती" इथे तो थांबला. मग शांतता. रहाट नव्हता. जिन्यातून कोणी उतरत होतं, ते आत्ताचं, रेकॉर्डिंगमधलं नाही. भारतीबाई आवाज बंद करायला हात पुढे नेणार, तेवढ्यात ती बोलली. हसत नव्हती, रागावलीही नव्हती. कांडी संपली, एवढं सांगावं तशी बोलली.

"ठाऊक होतं मले. तुही पिशवी रोज मीच तं भरत होती."

भारतीबाईंना हे कधी आठवलंच नव्हतं. सकाळी त्यांची वेणी होईपर्यंत वह्या पिशवीत कोण घालतं, वर भाकरीचा रुमाल कोण ठेवतं, दारात ती पिशवी खांद्याला कोण अडकवतं, हे कधी पाहावंसं वाटलं नव्हतं. अठरा सकाळी. तो फॉर्म बाहेर काढून, नीट पाहून, कदाचित आपलं नाव कुठे लिहायचं ते बोटाने चाचपून, तिने तो पुन्हा वहीत घातला होता. पिशवी बहिणीच्या हातात दिली होती आणि तोंडाकडे पाहिलं होतं, की आज सांगते का. ते पाहणंही भारतीबाईंना आता आठवू लागलं. त्या वेळी त्यांना वाटायचं, ही आपल्या साडीकडे बघते आहे.

दवाखान्यातल्या तीस दुपारीही तिने तसंच पाहिलं असेल.

त्यांनी जितेंद्रला फोन केला आणि सांगितलं, की दुसरा आवाज माझ्या बहिणीचा आहे. तिचं नाव जनाबाई सोनकुसरे. तेच नाव टाक. तिचं रेकॉर्डिंग कधी केलं होतं, असं त्याने विचारलं. भारतीबाईंनी आडनाव पुन्हा एकदा सावकाश सांगितलं. तो म्हणाला, टाकतो मॅडम, नाव आणि आडनाव, दोन्ही टाकतो.

७

मार्चमध्ये त्या उमरेडला गेल्या. जनाची मुलगी अपेक्षा तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवरा कोळसा खाणीत, घर नवं, सिमेंटचं. माग केव्हाच भंगारात गेला होता. रविवार होता. अपेक्षाने मावशीला कूलरसमोर बसवलं, पोहे केले, इतक्या उन्हाचं काहून आलीस म्हणून रागावली.

भारतीबाईंनी मुद्द्याचं सांगायचं ठरवून ठेवलं होतं. फॉर्मचं, पिशवीचं, सगळं. पण आधी त्यांनी तिच्या हातात फोन दिला. त्यात जितेंद्रकडून आलेला एकच तुकडा होता, अर्ध्या मिनिटाचा. पाच शब्द, आणि प्रत्येक शब्दानंतर तो कोवळा आवाज. बाकीचं सगळं लॅपटॉपमध्ये, नागपूरला राहिलं होतं.

अपेक्षाने तो ऐकला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा ऐकताना ती हसली.

"कोण आहे वं मावशी ही? मोठी हुशार पोरगी दिसते."

भारतीबाईंनी विचारलं, "तुला आवाज ओळखू येत नाही?"

अपेक्षाने नाही म्हणून मान हलवली. कुठून येणार ओळखू, ती म्हणाली. भारतीबाईंना सांगावं लागलं, की ही तुझी आई.

अपेक्षाचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, ती म्हणाली. औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा ती मला वाचायला लावायची. आणि अशी तर ती कधी बोललीच नाही. अशी हसून, पुढे पुढे. जन्मभर तिने विचारल्याशिवाय एक शब्द काढला नाही.

मग भारतीबाईंनी सगळं सांगितलं. मध्ये थांबल्या नाहीत, स्वतःला कुठे वाचवलं नाही. कूलरची मोटर चालू होती, त्यामुळे काही वाक्यं त्यांना दोनदा सांगावी लागली. ती दोनदा सांगतानाच सगळ्यांत अवघड गेलं. अपेक्षा ऐकत होती. शेवटी तिने फोन उचलला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दाराआडून तो तुकडा वाजलेला भारतीबाईंनी ऐकला. पाच शब्द, पाच अर्थ. अर्धं मिनिट झालं आणि तो संपला. आता ती बाहेर येईल आणि मला जा म्हणेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

पण आतला आवाज थांबला नव्हता. तो हलकेच, अक्षर लावून, पुढचा शब्द म्हणाला. तो त्या पाचांतला नव्हता. मग अपेक्षाचा आवाज आला, गोंधळलेला, की नाही वं आई, मले नाही येत. मग कोणीतरी अर्थ सांगितला, आणि दोघी हसल्या. मग पुढचा शब्द. मग पुढचा.

भारतीबाई उठल्या आणि दारापर्यंत गेल्या. हात वर केला, आणि खाली घेतला. आत आता भरभर चाललं होतं, विचारणं आणि सांगणं, आणि मध्ये कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. त्या परत येऊन खुर्चीवर बसल्या. पोहे निवून गेले. समोरच्या भिंतीवरचं ऊन छतापर्यंत चढलं आणि विझलं. नागपूरला परतायची पाचची गाडी गेली, साडेपाचची गेली. त्या तशाच दाराकडे तोंड करून बसून होत्या, आणि त्यांना आत कोणी बोलावलं नाही.